भोंगा वाजावा, पण उगाच वाजू नये

घरच्या घरी चोर-अलार्म बनवायचा म्हटलं की पहिली यादी होते ती सेन्सरची. दाराला एक, प्रत्येक खिडकीला एक, हॉलमध्ये हालचाल टिपणारा एक, जमलं तर कॅमेरा. सेन्सर स्वस्त आहेत, त्यामुळे यादी वाढत जाते. पुढे दोन-तीन महिन्यांत हा अलार्म बंद करून ठेवलेला दिसतो आणि कारण बहुधा एकच असतं: रात्री-अपरात्री विनाकारण वाजणं. चार वेळा उगाच वाजलेला भोंगा पाचव्यांदा कोणी मनावर घेत नाही, शेजारी तर नाहीच नाही. दुसरा दोष याच्या उलटा. वायर तुटलेली असते, बॅटरी मेलेली असते, वायफाय बंद असतं आणि घरमालक गावी निश्चिंत असतो. या दोन्ही गोष्टी टाळता आल्या तर तीन सेन्सरचा अलार्मही कामाचा आहे. नाही टाळता आल्या तर तेरा सेन्सर लावूनही उपयोग नाही.

उदाहरणासाठी पहिल्या मजल्यावरचा दोन खोल्या-हॉल-किचनचा फ्लॅट घेऊ. पुढे लोखंडी सेफ्टी डोअर आणि आत लाकडी दार, हॉलला बाल्कनी, किचनला ड्राय बाल्कनी, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या. गणपतीला किंवा मे महिन्यात घर आठ-दहा दिवस बंद राहतं. अशा घरात आत शिरण्याच्या खऱ्या वाटा तीन: पुढचं दार, बाल्कनीचं दार आणि ड्राय बाल्कनी. मजबूत ग्रिल असलेल्या खिडकीला सेन्सर लावण्याआधी या तीन वाटा बंदिस्त करा.

आता मेंदू कोणता घ्यायचा ते. आर्डुइनो उनो हा जुना, साधा बोर्ड आहे. त्यावर एटीमेगा ३२८पी ही चिप असते, ती १६ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिची कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट. ईएसपी-३२ त्याच्या कितीतरी पुढे, शिवाय वायफाय अंगचंच. साहजिकच सगळे म्हणतात की ईएसपी-३२ एकटाच पुरे. माझं मत वेगळं आहे. पहाऱ्याचं काम उनोकडे द्यावं आणि निरोप पोचवण्याचं ईएसपी-३२कडे. वायफाय तुटणं, परत जोडलं जाणं, सर्व्हरचं उत्तर न येणं या भानगडीत प्रोग्रॅम अडकू शकतो. त्या क्षणी दार उघडलं तर भोंगा अडकून चालणार नाही. उनोला इंटरनेट ठाऊकच नाही, तो फक्त दारं बघतो आणि भोंगा वाजवतो. ईएसपी-३२ बंद पडला तरी घर ओरडतं. पाच व्होल्टची ॲनालॉग इनपुटं हाही उनोचा फायदा आहे, तो पुढे लक्षात येईल.

दोघांना जोडताना एक काळजी घ्या. उनो ५ व्होल्टवर बोलतो, ईएसपी-३२ला ३.३ व्होल्टच सोसतात. उनोच्या टीएक्स पिनपासून १० किलोओहमचा रेझिस्टर, तिथून ईएसपीच्या आरएक्स पिनला वायर आणि त्याच जोडावरून २० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. पाचाचे साधारण ३.३ होतात. दोन्ही बोर्डांचं ग्राउंड एकत्र जोडलेलं हवं.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास मिळतं, ऑनलाइनही मिळतं. पण रीड स्विच दुकानातच घ्यावा, कारण तो मल्टीमीटर लावून तिथेच तपासता येतो.

रीड स्विच म्हणजे दुकानदाराच्या भाषेत मॅग्नेटिक डोअर सेन्सर. काचेच्या बारीक नळीत दोन लोखंडी पात्या असतात, चुंबक जवळ आला की त्या चिकटतात. नळी चौकटीवर बसते, चुंबक दारावर. मल्टीमीटर बझरवर ठेवा: चुंबक जवळ असताना बीप वाजली पाहिजे आणि दूर नेल्यावर थांबली पाहिजे. आपल्याला हाच प्रकार हवा, म्हणजे दार बंद असताना सर्किट पूर्ण. उलट्या प्रकारात वायर तुटली तरी पॅनेलला सगळं आलबेलच वाटतं.

पण नुसतं सर्किट पूर्ण ठेवूनही भागत नाही. पॅनेलकडे जाणाऱ्या दोन वायरी सोलून एकमेकींना पीळ दिला की दार कितीही उघडा, पॅनेलला ते बंदच दिसणार. घरी काम करून गेलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत जमतं. याला व्यावसायिक पॅनेलमध्ये फार जुना उपाय आहे आणि तो फुकटात पडतो: वायरीच्या शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर.

असं करा. उनोच्या ए० पिनपासून ५ व्होल्टकडे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर जोडा. ए० पासूनच एक वायर दाराकडे जाऊ द्या. दाराशी, सेन्सरला अगदी लागून, रीड स्विचच्या एका टोकाला आणखी एक ४.७ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडा आणि दुसऱ्या टोकाची वायर परत आणून ग्राउंडला द्या. आता दार बंद असताना पाच व्होल्टची निम्मी वाटणी होते आणि उनो शून्य ते १०२३ या मोजपट्टीवर साधारण ५१२ वाचतो. दार उघडलं किंवा वायर कापली की आकडा थेट १०२३कडे जातो. कोणी वायरी एकमेकींना जोडल्या की तो शून्याला टेकतो. प्रोग्रॅममध्ये ४०० ते ६२० हा पट्टा 'ठीक', त्याच्या बाहेरचं सगळं संशयास्पद. रेझिस्टर दाराशीच हवा. सोय म्हणून तो पॅनेलच्या डब्यात बसवला तर वायरी पिळल्याचं उनोला कळणारच नाही आणि सगळी मेहनत वाया. सेन्सरजवळचा जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा. नुसत्या पीळ दिलेल्या जोडाला पावसाळ्यात गंज चढतो आणि मग आकडा ५१२वरून हळूहळू वर सरकायला लागतो.

लांब वायर रेडिओच्या एरियलसारखी वागते. मिक्सर, पंप, ट्यूबलाइटचा जुना चोक चालू झाला की तिच्यात झटके उमटतात. म्हणून ए० आणि ग्राउंडच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि प्रोग्रॅममध्ये एका वाचनावर विश्वास ठेवू नका. सलग पाव सेकंद आकडा पट्ट्याबाहेर राहिला तरच दार उघडलं असं धरा. वायर म्हणून लॅनची केबल उत्तम, तिच्यातल्या जोड्या पीळ दिलेल्याच असतात. केसिंग-कॅपिंगमधून ती नेता येते, मात्र ज्या पट्टीत घरची २३० व्होल्टची वायर आहे त्याच पट्टीत ही घालू नका.

सेफ्टी डोअरवर रीड स्विच बसवताना एक अडचण येते. लोखंड चुंबकाचं बळ स्वतःकडे ओढून घेतं आणि सेन्सरची पोच घटते. चुंबकाखाली आणि नळीखाली लाकडाची किंवा ॲक्रिलिकची जाड पट्टी द्या, नाहीतर लोखंडी दारासाठी मिळणारा मोठा सेन्सर घ्या. माझ्या मते सेन्सर आतल्या लाकडी दारालाच लावावा. फक्त लाकूड पावसात फुगतं आणि थंडीत आखडतं, तेव्हा बंद दारातही फट बदलते. बसवताना चुंबक आणि नळी यांत जेमतेम अर्धा सेंटिमीटर अंतर ठेवलं तर दोन्ही ऋतू निभतात.

हालचाल टिपणारा सेन्सर म्हणजे पीआयआर. एचसी-एसआर५०१ नावाचा छोटा बोर्ड सगळीकडे मिळतो. खोट्या भोंग्यांचा सगळ्यात मोठा कारखाना हाच, म्हणून त्याला नीट समजून घ्या. हा सेन्सर स्वतः काही सोडत नाही. समोरच्या पांढऱ्या घुमटाची भिंगं खोलीचे पट्टे पाडतात आणि माणसाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की आतला स्फटिक विजेचा बारीक झटका देतो. यातून तीन गोष्टी निघतात. आडवं चालणारा माणूस त्याला लगेच दिसतो, सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. म्हणून तो दारासमोर नको, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात, सहा-सात फुटांवर हवा. काचेतून त्याला शरीराची उष्णता दिसत नाही, म्हणून बंद खिडकीबाहेरच्या माणसासाठी तो निरुपयोगी आहे. आणि त्याला दिसतो तो फरक. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद घराच्या भिंती शरीराइतक्याच तापतात, तेव्हा समोरून माणूस गेला तरी पीआयआर डोळे झाकून बसू शकतो. विदर्भात केवळ याच्या भरवशावर राहू नका.

उलट बाजूला पाल आहे. दहा फुटांवरची पाल त्याला कळत नाही, पण घुमटावरूनच फिरली तर वाजलाच म्हणून समजा. उन्हाची तिरीप जिथे सरकत येते ती भिंत, उघड्या खिडकीजवळचा पडदा, फ्रिजच्या मागची गरम हवा हे सगळं त्याच्या नजरेबाहेर ठेवा. मांजर असेल तर घुमटाच्या खालच्या भागावर आतून चिकटपट्टी लावा, जमिनीलगतचे पट्टे बंद होतात. वीज आल्यावर पहिलं मिनिटभर तो भ्रमिष्टासारखा वागतो, तेवढा वेळ प्रोग्रॅममध्ये त्याचं काही ऐकू नका. आणि ईएसपी-३२च्या शेजारी तो बसवू नका. वायफायच्या लहरींनी हा बोर्ड फसतो, किमान काही फुटांचं अंतर ठेवा.

याच्या जागी सूक्ष्मलहरींवर चालणारे आरसीडब्ल्यूएल-०५१६ हे बोर्ड कोणी सुचवेल. स्वतंत्र बंगल्यात ते चालतीलही. फ्लॅटमध्ये नको, कारण ते भिंतीपलीकडचंही टिपतात आणि शेजारचे काका पाणी प्यायला उठले की तुमचा भोंगा.

एवढं करूनही पीआयआर कधीतरी चुकणारच, म्हणून भोंगा वाजवण्याचा अधिकार त्याला एकट्याला देऊ नका. एकट्या पीआयआरने हालचाल सांगितली तर फोनवर निरोप जाऊ द्या. बाल्कनीचं दार किंवा ड्राय बाल्कनी उघडल्यापासून दीड मिनिटात पीआयआरही बोलला तर लगेच भोंगा. आणि पुढचं दार उघडून तीस सेकंदांत कोणी कोड दाबला नाही, तरीही भोंगा. दोन साक्षी लागल्या की खोटे प्रसंग जवळजवळ संपतात.

प्रोग्रॅम लिहिताना मनात पाच अवस्था ठेवा: पहारा बंद, बाहेर पडायची मुदत, पहारा चालू, आत यायची मुदत, भोंगा. एका वेळी यातली एकच खरी आणि कोणत्या घटनेने कुठून कुठे जायचं ते आधी कागदावर. बाहेर पडायला पंचेचाळीस सेकंद द्या, घरात म्हातारी माणसं असतील तर एक मिनिट. नवशिक्यांच्या प्रोग्रॅममध्ये डिले() ही आज्ञा जागोजागी असते. ती चालू असताना उनो दुसरं काही बघत नाही, तेव्हा या कामात ती वर्ज्य समजा. वेळ मिलिस() वरून मोजा आणि 'आताची वेळ वजा सुरुवातीची वेळ' अशीच तुलना करा, दोन्ही संख्या अनसाइन्ड लाँग ठेवून. मिलिस()चा आकडा साधारण ५० दिवसांनी पुन्हा शून्यापासून सुरू होतो. वजाबाकी केली असेल तर काही बिघडत नाही. 'अमुक आकड्याच्या पुढे गेला का' असं विचारलं असेल तर अलार्म दीड महिना छान चालून एके दिवशी कारण न देता चुकतो.

पहारा चालू की बंद ही नोंद ईईप्रॉममध्ये लिहा. नाहीतर वीज जाऊन आली की उनो नव्याने जागा होतो आणि पहारा बंद आहे असं धरून बसतो. ही नोंद अवस्था बदलेल तेव्हाच करा, सतत नको, कारण ईईप्रॉमला लिहिण्याची मर्यादा एक लाख वेळांची आहे. वॉचडॉगही चालू ठेवा. प्रोग्रॅम अडकला तर काही सेकंदांत तो उनोला पुन्हा सुरू करतो आणि ईईप्रॉममधल्या नोंदीमुळे पहारा परत लागतो. कोडसाठी बारा बटणांचा कीपॅड दाराच्या आत, बाहेरून न दिसेल असा. त्याला सात पिन लागतात, उनोकडे त्या निघतात.

एकदा वाजलेला भोंगा दार लावल्याने बंद होता कामा नये. हे सुचायला मायक्रोकंट्रोलर लागत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस पोपने १८५३ साली विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं, त्यातही खिडकी परत लावून घंटा थांबत नव्हती. तुमचा भोंगा कोडने थांबेल किंवा तीन मिनिटांनी आपोआप. तीन मिनिटांची मर्यादा घालाच. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे आणि तुम्ही गावी असताना रात्रभर वाजणाऱ्या भोंग्यामुळे सोसायटीत नावं ठेवली जातील ती वेगळीच. एकाच दारामुळे तीनदा वाजून झालं तर ते दार त्या पहाऱ्यापुरतं वगळा आणि तसा निरोप पाठवा.

भोंगा १२ व्होल्टचा घ्या. त्याला शेकडो मिलिअँपिअर लागतात आणि उनोच्या पिनने वीस मिलिअँपिअरच्या पुढे देऊ नये, तेव्हा मध्ये रिले मॉड्यूल किंवा आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट हवा. बाजारातली बरीच रिले मॉड्यूलं उलट्या इशाऱ्यावर चालतात, पिन शून्य झाली की रिले चालू. तसं असेल तर पिनला आधी हाय करा आणि मग ती आउटपुट म्हणून जाहीर करा, नाहीतर प्रत्येक वेळी वीज आली की भोंगा एक किंकाळी मारेल. एक भोंगा घरात, दुसरा जिन्यात किंवा डक्टकडे, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर.

आता विजेबद्दल. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद शिसे-आम्ल बॅटरी आणि बॅटरी बॅकअपची सोय असलेला तयार पॉवर सप्लाय घ्या, सीसीटीव्हीच्या सामानाच्या दुकानात असे मिळतात. २३० व्होल्टचा संबंध त्या बंद डब्यापुरताच राहू द्या, चार्जर स्वतः बनवण्याच्या फंदात पडू नका. या बॅटरीला कायम १३.५ ते १३.८ व्होल्टवर ठेवायचं असतं. बॅटरीच्या तारेत लगेच २ अँपिअरचा फ्यूज. पुढे एलएम२५९६चं बक मॉड्यूल, त्याचा स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर नेमके ५ व्होल्ट आल्यावरच बोर्ड जोडा. उनोच्या गोल जॅकमध्ये थेट बॅटरी दिली तरी तो चालतो, पण त्याचा रेग्युलेटर विनाकारण तापत राहतो. भोंगा वाजत नसताना हा सगळा संसार १२ व्होल्टवर शंभर मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे वीज गेली तरी दीड-दोन दिवस निघतात. बॅटरीचा व्होल्टेज १० आणि ४.७ किलोओहमच्या वाटणीतून ए५ पिनवर वाचा आणि ११.८च्या खाली गेला की निरोप जाऊ द्या.

आणि राउटर? वीज गेल्यावर अलार्म जागा राहतो आणि राउटर झोपतो, त्यामुळे निरोप जातच नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. जिथे वायफायच नाही, उदाहरणार्थ कोकणातलं वर्षभर बंद असलेलं घर, तिथे सिमचं मॉड्यूल लागतं. सिम८००एल स्वस्त आहे, पण ते २जी आहे. जिओचं सिम त्यात चालत नाही, कारण जिओचं २जी जाळंच नाही. एसएमएस पाठवताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, बारीक वायर दिली तर तिथेच रिसेट होतं. नव्याने घेत असाल तर ४जीचं मॉड्यूलच घ्या.

निरोपासाठी टेलिग्रामचा बॉट सोपा आणि फुकट. त्याचं टोकन म्हणजे घराची चावी समजा, मित्रांना प्रोग्रॅम पाठवताना ते काढून टाका. फोनवरून पहारा बंद करण्याची सोय मात्र मी देणार नाही, बंद करायचा तर दाराशी येऊन कोड दाबून. आणखी एक छोटी सोय मोठी उपयोगाची आहे: रोज सकाळी आठ वाजता 'पहारा चालू, बॅटरी १३.६' असा निरोप. ज्या दिवशी तो येणार नाही त्या दिवशी शेजाऱ्यांना फोन करून दार बघायला सांगायचं.

बसवून झाल्यावर पहिले दोन आठवडे भोंग्याची वायर काढून ठेवा आणि वाजला असता तेव्हाची फक्त नोंद करा. मोलकरीण, दूधवाला, मुलं, मांजर सगळे आपापल्या चालीने त्याची परीक्षा घेतात. नोंदी आठवडाभर कोऱ्या राहिल्या की भोंगा जोडा. ११२ला आपोआप फोन लागेल अशी व्यवस्था करू नका. निरोप आधी तुम्हाला आणि एका विश्वासू शेजाऱ्याला जावा, खात्री झाली की फोन माणसाने करावा. शेजाऱ्याला भोंग्याचा आवाज एकदा ऐकवून ठेवा.

ग्रिलला करंट सोडण्याची कल्पना कोणी कितीही हसत हसत सुचवली तरी साफ नकार द्या, त्यात चोराआधी घरचं पोर किंवा पेंटर मरतो आणि गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. धूर आणि गॅसचं काम या अलार्मवर सोपवू नका, त्यासाठी प्रमाणित डिटेक्टर वेगळे विकत घ्या.

महिन्यातून एकदा प्रत्येक दार उघडून बघा आणि मुख्य वीज तासभर बंद करून बॅटरीचा आकडा वाचा. बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तीन वर्षांत थकते आणि ती थकल्याचं तिच्याकडे बघून कळत नाही.